बिऱ्हाडेची गोटी

कोणाच्याही घरी गेला की बिऱ्हाडे आधी जमिनीवर गोटी सोडायचा. बूट काढायचे, यजमानांना नमस्कार करायचा, खिशातून हिरव्या काचेची गोटी काढायची, दिवाणखान्याच्या मधोमध ठेवायची आणि हात बाजूला घ्यायचा. गोटी जागच्या जागी राहिली तर तो समाधानाने सोफ्यावर बसे. घरंगळली तर तिच्या मागोमाग भिंतीपर्यंत जाई, वाकून तिला उचली आणि विचारी, "हिवाळ्यात या बाजूचं दार अडकतं ना रे?" दार बहुतेक वेळा अडकत असे. मेलबर्नमधल्या डँडेनॉन्गच्या आसपासच्या मराठी घरांत या सवयीचे बरेच किस्से आहेत. एकदा गणपतीच्या दर्शनाला जाऊन त्याने आरती सुरू व्हायच्या आत गोटी सोडली. ती थेट चौरंगाखाली गेली. "बाप्पाला उतारावर बसवलंयत," तो म्हणाला. यजमानीणबाईंनी त्याला त्या वर्षी मोदक एकच वाढला.

त्याचं नाव सदानंद. जुनं, पडेल भावात मिळणारं घर घ्यायचं, त्यात राहायला जायचं, राहता राहता ते दुरुस्त करायचं आणि विकून पुढच्या घरात जायचं, हा त्याचा व्यवसाय. माझी त्याची ओळख झाली तेव्हा असं चौथं की पाचवं घर चालू होतं. याबाबत त्याचा आणि त्याच्या बायकोचा आकडा जुळत नसे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, म्हणून महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी त्याला बिऱ्हाडे म्हणायला सुरुवात केली. नाव त्याला आवडलं. "पत्त्यापेक्षा हेच बरं," तो म्हणे. "हे तरी बदलत नाही."

मी आणि बायको तेव्हा पुण्याहून नवे आलो होतो. पुण्यात मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करत होतो. मेलबर्नमध्ये दुभाष्याची कामं मिळायला लागली होती. बिऱ्हाडेच्या घरातली पुढची खोली आम्हाला स्वस्तात मिळाली. स्वस्ताईचं कारण लगेच दिसलं. खोलीला दार नव्हतं. रंगाचा दुसरा हात द्यायचा म्हणून ते परसात दोन लाकडी घोड्यांवर आडवं पडलं होतं. "संपादक, दार संध्याकाळपर्यंत लागेल," तो म्हणाला. दार तिसऱ्या दिवशी लागलं. तोपर्यंत त्याच्या बायकोने, वृंदावहिनींनी, चौकटीला एक जुनी चादर टाचून दिली. चादर टाचताना त्या म्हणाल्या, "भावजी, सवय होईल. आम्ही एका घरात बाथरूमला चादर लावून काढलेत दिवस."

त्या घरात काहीही एका जागी राहत नसे. सकाळी चहा घेतलेलं टेबल संध्याकाळी गराजमध्ये असे. दिव्याचं बटण शोधायला हात गेला की तिथे नुसत्या वायरी सापडत. पॅसेजमध्ये खोकी रचलेली होती, वर वहिनींच्या अक्षरात 'दिवाळी', 'लोणच्याच्या बरण्या', 'इराचे लहानपण' असं लिहिलेलं. यांतली काही खोकी मागच्या दोन-तीन घरांत उघडलीच नव्हती. बिऱ्हाडे स्वतःही बसलेला क्वचित दिसे. जेवताना त्याचा डावा हात भिंतीवरून फिरत असायचा, कुठे पोकळ वाजतंय का ते बघत. टीव्ही बघता बघता तो उठे आणि एखादी खिडकी उघडून बंद करी. झोपायला गेल्यावर आतून त्याची गोटी लाकडी जमिनीवरून जाताना ऐकू यायची आणि पाठोपाठ वहिनींचा आवाज, "सदा, ठेव ती आता."

चिंचवडच्या एका कारखान्यात त्याने खर्चाचे अंदाज काढण्याचं काम केलं होतं आणि इथे आल्यावर काही वर्षं आयटीत. पण खर्च आटोक्यात ठेवण्याची त्याची रीत कारखान्यातली वाटत नसे, घरगुती वाटे. त्याचा पहिला नियम असा: "मोरी हलली की बजेट वाहून गेलं." जिथे सिंक आहे तिथेच सिंक, जिथे कमोड तिथेच कमोड. नळ आणि सांडपाण्याचे पाईप इकडचे तिकडे केले की प्लंबर महिनाभर घरचाच होतो, असं तो सांगे. ओळखीतले लोक त्याला आपापल्या घरी सल्ल्याला बोलवत आणि भिंत पाडून दिवाणखाना मोठा करण्याचं स्वप्न सांगत. तो शांतपणे ऐकून घेई. मग म्हणे, "भिंत पाडायची हौस असेल तर सर्कस काढ. तंबूला भिंती नसतात."

दुसरा नियम पाहुण्यांचा होता. जुन्या घराची भिंत उघडली की आत काहीतरी निघतंच, हे त्याने गृहीत धरलेलं असे. कुजलेली चौकट, वाळवी, कोणीतरी घाईत जोडलेली वायर. या सगळ्यांना तो पाहुणे म्हणायचा आणि एकूण खर्चातला एक हिस्सा त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवायचा. एकदा बाथरूमची फरशी उचलली तर खालचं लाकूड भिजून पुठ्ठ्यासारखं झालेलं. मी बघून हबकलो. बिऱ्हाडेने वाकून आत टॉर्च मारला. "या, बसा," तो लाकडाला म्हणाला. "तुमची सोय केलेली आहे." पाहुणा आला नाही तर त्या हिश्श्याला तो हात लावत नसे, तो पुढच्या घराच्या पाहुण्याला जाई. लोक बुडतात ते याच हिश्श्याची दगडी ओट्यावर उधळपट्टी करून, असं त्याचं निरीक्षण होतं.

तो कंजूष होता, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. श्रीमंत उपनगरांत लोक चांगली चालती स्वयंपाकघरं काढून टाकतात. ती कपाटांसकट उचलून आणायची आणि नवी दारं लावून बसवायची, ही त्याची युक्ती होती. पाडकामाच्या कचऱ्यासाठी भाड्याने मिळणारी लोखंडी पेटी तो सर्वांत लहान मागवी आणि शेजाऱ्यांनी आपल्या गाद्या त्यात टाकू नयेत म्हणून तिला ताडपत्री बांधे. पण एका घराच्या छतात ॲस्बेस्टॉसचे पत्रे निघाले तेव्हा त्याने परवानाधारक माणसं बोलावली, त्यांनी सांगितलेला भाव पहिल्या फटक्यात मान्य केला आणि काम संपेपर्यंत आम्हा सगळ्यांना मोटेलमध्ये ठेवलं. विजेच्या बाबतीत तेच, छपराच्या बाबतीत तेच. मी आश्चर्य व्यक्त केल्यावर म्हणाला, "जिथे माणूस मरू शकतो तिथे घासाघीस करायची नाही, संपादक. बाकी सगळीकडे करायची."

सगळ्या घरांना आतून रंग एकच. एकाच छटेचा पांढरा. उरलेले डबे पुढच्या घरी जात, थेंब वाया जात नसे. त्याची मुलगी इरा तेव्हा हायस्कूलला होती. मराठी तिला सगळं समजे, बोलताना मात्र इंग्रजी. ती एकदा नाश्त्याला म्हणाली, "बाबा, आय वेक अप अँड आय डोन्ट नो व्हिच हाऊस इट इज." बिऱ्हाडेला ही तक्रार आहे हे कळायला वेळ लागला. "छतावरच्या दिव्याची जागा बघत जा," तो तिला म्हणाला. "प्रत्येक घरात वेगळी आहे." इराने माझ्याकडे बघितलं आणि टोस्ट घेऊन उठून गेली.

त्याच्या यशाचं एक कारण तो कोणत्याच हिशेबात धरत नसे. ते लाँड्रीत, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीत, उभं असे. स्वयंपाकघर हे विक्रीच्या दृष्टीने घराचं तोंड, म्हणून ते सर्वांत शेवटी व्हायचं आणि तोपर्यंत वहिनी कपडे धुण्याच्या मशीनवर फळी टाकून, सहलीला नेतात तसल्या गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करायच्या. घरच्या पाच जणांचा आणि शिवाय कामगारांचा. इथले कारागीर एकाच वेळी तीन कामं धरतात आणि अधूनमधून गायब होतात. तो इथला सर्वांत महागडा रोग आहे. बिऱ्हाडेकडे कोणी गायब होत नसे. दहाच्या सुट्टीला बटाटेवडे असत. फरशी बसवणारा स्टाव्ह्रो नावाचा वयस्क ग्रीक गृहस्थ दुसरीकडचं काम सोडून इकडे यायचा. "मिसेस व्ही, व्हॉट्स कुकिंग?" दारातूनच ओरडायचा. बिऱ्हाडे मला कौतुकाने सांगे, "मी यांना वेळेवर पैसे देतो ना, म्हणून टिकतात." वहिनी हातातला झारा थांबवून त्याच्याकडे बघत आणि पुढचा वडा तेलात सोडत.

या धावपळीचं मूळ त्याने मला एकदाच सांगितलं, तेही रंगकाम करता करता, भिंतीकडे तोंड करून. त्याचं लहानपण पिंपरीत, कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडिलांनी त्या घरात कधी खिळा ठोकू दिला नाही. क्वार्टर सोडताना प्रत्येक भोकाची भरपाई कापून घेतील, ही धास्ती. कॅलेंडर कपाटावर आडवं ठेवलेलं असे, तारीख बघायची तर स्टुलावर चढायचं. वडील निवृत्त झाले आणि ठरल्या दिवशी कुटुंब बाहेर पडलं. भिंती जशा घेतल्या तशाच परत केल्या. "साहेबाने वडिलांची पाठ थोपटली," बिऱ्हाडे म्हणाला. "इतकं स्वच्छ क्वार्टर कोणी दिलं नव्हतं." मग ब्रश डब्यात बुडवून म्हणाला, "घर सोडायचंच असतं रे. सोडताना दोन पैसे मिळाले तर बिघडलं कुठे?" त्याच्या स्वतःच्या घरांतही कॅलेंडर फ्रीजवर आडवं असायचं. नव्या रंगाला खिळा बंद.

खिळ्यासारखीच फोडणी बंद. स्वयंपाकघर तयार झालं की घर बाजारात लागे आणि दर शनिवारी गिऱ्हाइकं बघायला येत. बुधवारपासून घरात फोडणी द्यायची नाही, हा कायदा होता. नव्या ओट्यावर, नव्या शेगडीपुढे वहिनी दहीपोहे कालवायच्या आणि बटाटे उकडायच्या. "वी आर ईटिंग लाइक पेशंट्स," इरा म्हणे. घर विकलं गेलं की सामान बांधायचं आणि पुढच्या लाँड्रीत शेगडी मांडायची. एका बुधवारी मी वहिनींना नुसत्या वरणाच्या पातेल्यापुढे उभं असलेलं पाहिलं. त्या म्हणाल्या, "भावजी, आईकडे शेगडीवरची भिंत पिवळी झाली होती. घासून घासून जायची नाही. तेव्हा लाज वाटायची." मग त्यांनी गॅस बंद केला.

डँडेनॉन्गचं घर घेतलं तेव्हा आम्हीही त्यांच्याबरोबर तिथे गेलो. विटांचं, बसकं, मागे लिंबाचं झाड असलेलं घर. इराची शाळा चालण्याच्या अंतरावर होती आणि तिला पहिल्यांदाच घरी येणारी एक मैत्रीण मिळाली होती. वहिनींनी त्या घरात दोन गोष्टी मागितल्या. पहिली, शेगडीवर चिमणी हवी आणि ती खरी. हवा गाळून परत घरातच सोडणारी स्वस्तातली नको, छपरातून नळी काढून धूर बाहेर टाकणारी. बिऱ्हाडे आठवडाभर कुरकुरला. छपराला भोक, सुताराचं काम, वीजवाल्याची फेरी. शेवटी बसवली. दुसरी गोष्ट त्यांनी सगळे जेवायला बसलेले असताना मागितली.

"सदा, हे विकू नकोस."

"बघू," तो म्हणाला.

"बघू म्हणजे नाही. मी ओळखते तुझं बघू."

"अगं, बाजार चढलाय. आत्ता नाही विकलं तर..."

"मागच्या वेळी उतरणार होता म्हणून विकलंस. चढला तरी जायचं, उतरला तरी जायचं. राहायचं कधी?"

बिऱ्हाडेचा डावा हात भिंतीवर फिरत होता. तो थांबला. पुढच्याच महिन्यात घरापुढे एजंटची पाटी लागली.

लिलाव शनिवारी सकाळी होता. इथे घराचा लिलाव घरापुढच्या फुटपाथवर होतो. गिऱ्हाइकं, शेजारी, शेजाऱ्यांची कुत्री, सगळे जमतात. त्याआधी अर्धा तास घर बघायला खुलं असतं. बिऱ्हाडे रीतीप्रमाणे समोरच्या घराच्या पत्रपेटीला टेकून उभा होता. आमची खोली रिकामी दिसावी म्हणून मी आमच्या बॅगा गराजमध्ये नेऊन ठेवत होतो. आतून ठसका आला तेव्हा माझ्या हातात दुसरी बॅग होती.

वहिनींनी कढई चढवली होती. तेल, मोहरी, हिंग आणि फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणलेल्या सुक्या लाल मिरच्या, ओंजळभर. चिमणी बंद ठेवली होती. धूर स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये आला, तिथून पुढच्या खोलीत. लोक तोंडावर रुमाल धरून बाहेर पडू लागले. एका लहान मुलाने रडायला सुरुवात केली. छताला लावलेला धुराचा अलार्म कर्कश वाजू लागला. एजंट, घट्ट सूटमधला तरुण पोरगा, डोळे पुसत आत आला. "इज समथिंग बर्निंग?"

"लंच," वहिनी म्हणाल्या. पाठ वळवली नाही.

सगळे गेले, एक बाई राहिली. तेलुगू असावी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदराने ते टिपत ती कढईत डोकावली.

"दीदी, मिर्ची गुंटूर की है?"

"पता नहीं. दुकान की है."

"चिमनी है ना ऊपर? बाहर खुलती है, या ऐसे ही दिखाने की?"

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. दिखाने की है, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी दारात होतो आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी हात वर केला, थांबवला, आणि बटण दाबलं. धूर कढईवरून उठून सरळ वर ओढला गेला. बघता बघता स्वयंपाकघर स्वच्छ झालं. अलार्म वाजायचा थांबला.

"मैंने लगवाई है," वहिनी म्हणाल्या. "पाइप छत से निकलता है."

बाईने खिडकीबाहेर तोंड काढून नवऱ्याला तेलुगूत हाक मारली. तो आला, चिमणीखाली उभा राहिला, वर बघितलं. मग दोघं फुटपाथवर गेले आणि बाकीची गिऱ्हाइकं मागे सरेपर्यंत बोली चढवत राहिले. हातोडा पडल्याचा आवाज आत ऐकू आला. वहिनींनी कढईखालचा गॅस बंद केला आणि फोडणी सिंकमध्ये ओतली.

संध्याकाळी बिऱ्हाडे जिलेबी घेऊन आला. इतका नफा त्याला आजवर झाला नव्हता. "वृंदा, मानलं तुला," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बरोबर हेरलंस. पुढच्या घराला लिलावाच्या दिवशी फोडणीच देऊ." आम्ही कोणी हसलो नाही. जिलेबीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला. फोडणी कशासाठी होती ते त्याला उशिरा कळलं.

"पुढच्या घराला तूच दे," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी इराच्या शाळेजवळ दोन खोल्यांचं युनिट, म्हणजे ओळीतलं छोटं बैठं घर, भाड्याने घेतलं. चॉकलेटी टाइल्स, मोडका ओव्हन, सिंकवरच्या खिडकीतून दिसणारी शेजाऱ्याची कचऱ्याची डबडी. इरा त्यांच्याबरोबर गेली. बिऱ्हाडे नव्या घेतलेल्या घरात एकटा राहायला लागला. भांडण असं झालं नाही. तो रोज रात्री युनिटवर जेवायला यायचा आणि जेवून कामाच्या जागी झोपायला जायचा. आम्ही जवळच खोली घेतली होती, त्यामुळे कधीमधी आम्हीही पानावर असायचो. त्याची अवस्था बघवत नसे. टाइल्सच्या एका कोपऱ्यातली सांध उघडी होती. जेवताना त्याची नजर तिथे जाई, परत येई, पुन्हा जाई. एकदा तो चमचा ठेवून म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे." वहिनी म्हणाल्या, "भात घे." वहिनींची सगळी खोकी उघडलेली होती. बरण्या कपाटात होत्या. शेगडीवरची भिंत पिवळी पडायला लागली होती. आणि तिकडे, त्याच्या नव्या घरात, पहिल्यांदाच कामं लांबत होती. वडे नव्हते. स्टाव्ह्रो दोन आठवडे फिरकला नाही.

वर्ष होत आलं आणि युनिटच्या मालकाने विकायला काढल्याचं कळवलं. भाडेकरूला इथे हे ऐकायची सवय करून घ्यावी लागते. त्या रात्री बिऱ्हाडे जेवायला आला तेव्हा वहिनींनी पॅसेजमध्ये रिकामी खोकी उघडून ठेवली होती. त्याने ती बघितली, ओलांडली, हात धुतले आणि पानावर बसला. त्या दिवशी टाइल्सकडे बघितलं नाही.

लिलावाला तो आला. मीही गेलो होतो. बिऱ्हाडेचा खरेदीचा नियम सर्वांना माहीत होता: भाव दारातच मनाशी ठरवायचा, बोली त्यापुढे गेली की पाठ फिरवायची, मागे बघायचं नाही. मी त्याला अशी पाठ फिरवताना कितीदा पाहिलं होतं. त्या दिवशी बोली त्याच्या आकड्यापुढे कधी गेली ते मला त्याच्या पायांवरून कळलं. तो अर्धा वळला. युनिटच्या दारात वहिनी उभ्या होत्या, इरा त्यांच्या मागे. बिऱ्हाडे पुन्हा समोर वळला आणि हात वर केला. मग आणखी एकदा. त्या घराची तेवढी किंमत नव्हती, हे तिथे जमलेल्या सगळ्यांना दिसत होतं.

"गोटी नाही सोडलीस?" नंतर मी विचारलं.

"कशाला?" तो म्हणाला. "रोज जेवतो तिथे. आमटी पानात कुठल्या बाजूला जाते ते काय दिसत नाही मला? फ्रीजच्या कोपऱ्याकडे पूर्ण बसलंय घर."

ताबा मिळाला त्या दिवशी तो ड्रिल घेऊन आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "एका टाइलला हात लावलास तर बघ." त्याने ड्रिल खाली ठेवलं, खिशातून एक खिळा काढला आणि हातोडी मागितली. फ्रीजच्या शेजारच्या भिंतीवर खिळा ठोकला. फ्रीजवर आडवं पडलेलं कॅलेंडर उचलून त्यावर अडकवलं. ते वाकडं लटकलं. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "भिंत वाकडी आहे," तो म्हणाला. "कॅलेंडर सरळ आहे."

मंडळात आजही तो सौदा त्याचा एकमेव तोटा म्हणून सांगितला जातो. तो ते नाकारत नाही. घरं विकण्याचा धंदा त्याने सोडला नाही; दिवसा कामाच्या जागी जातो, संध्याकाळी युनिटवर परततो. टाइल्स चॉकलेटीच आहेत; वहिनींनी लावून घेतली ती फक्त छपरातून निघणारी चिमणी.

पुढे बायकोच्या नोकरीमुळे आम्ही सिडनीला आलो. निरोपाच्या जेवणाला बिऱ्हाडेने गोटी माझ्या हातावर ठेवली. "तुला लागेल. एजंट हसतील, हसू दे." कॅसल हिलच्या परिसरात आम्ही घरं बघायला लागलो आणि मी प्रत्येक घरात ती सोडत गेलो. एजंट हसले. गोटी कुठेच थांबली नाही. एका घरात दाराकडे गेली, एका घरात मोरीकडे. शनिवारमागून शनिवार जात होते, आमचं भाड्याचं घर दोनदा बदललं होतं. पॅसेजमध्ये खोकी होती. बायकोने त्यांवर काय आहे ते लिहायला सुरुवात केली होती.

शेवटी तिला एक घर आवडलं. गोटी तिथेही घरंगळली, जेवणघरातून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत. मी बाहेर अंगणात येऊन बिऱ्हाडेला फोन लावला.

"भिंतीला तडे?" त्याने विचारलं.

"नाहीत."

"दारं अडकतात?"

"सगळी उघडून पाहिली. नाही अडकत."

"जमिनीखाली घर तपासणारा इन्स्पेक्टर घातलास का?"

"घातला. बसायचं तेवढं पूर्वीच बसलंय म्हणतो. आता हलत नाही."

"बायको काय म्हणते?"

"ती आतच आहे. बाहेर यायला तयार नाही."

पलीकडून भांड्याचा आवाज आला, तेल तापल्याचा.

"गोटी जाते त्या कोपऱ्यात काय आहे?"

"काही नाही. मोकळा आहे."

"मग फ्रीज तिथे ठेव," तो म्हणाला. "खाली पाचर मार, आणि..."

पुढचं ऐकू आलं नाही. मागे फोडणी पडली होती. तो खोकत होता आणि वहिनी कोणालातरी चिमणी लावायला सांगत होत्या.